बिडाचे रेडिएटर पक्के केलेत

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

तुमच्या खोलीत आणि बैठकीत बिडाचे रेडिएटर, म्हणजे बॉयलरच्या गरम पाण्यावर खोली उबदार ठेवणारे, बसवायचं मी पक्कं केलंय. बॉयलरवाल्याला होकारही कळवला. बाबा, रागावू नका. विचारत बसले असते तर हाही हिवाळा तुम्ही शालीवर काढला असता.

दादा पत्र्याचे घे म्हणत होता. ते हलके, स्वस्त आणि झटपट तापणारे, पण बॉयलर थांबला की निवतातही झटपट. ॲल्युमिनियमचंही तेच. बीड तापायला वेळ घेतं. ज्यांना संध्याकाळपुरतीच ऊब हवी त्यांना ते परवडत नाही; तुम्ही दोघं मात्र दिवसभर घरातच असता. जड लोखंडात आणि आतल्या पाण्यात साठलेली ऊब बॉयलर बंद झाल्यावरही बराच वेळ टिकते. आई, पहाटे उठशील तेव्हा खोली गारठलेली नसेल. पंख्याच्या हीटरसारखी घरघर नाही, तुझा रेडिओ नीट ऐकू येईल. खिडकीखाली लावतोय, म्हणजे काचेवरून उतरणारा गारवा तिथेच अडेल आणि तुझी खुर्ची हलवावी लागणार नाही.

जमिनीखालचे पाइप मलाही आवडले होते. ३५ ते ४५ अंशांच्या पाण्यावर अख्खी खोली सारखी उबदार होते. पण त्यासाठी फरशी उखडायची, आणि तुझ्या खोकल्यात ती धूळ मला नको. बाहेरची ऊब घरात ओढून आणणारा हीट पंप एका युनिट विजेवर साधारण तीन युनिट उष्णता देतो; तो पुढे घेऊ. त्याचं पाणी बॉयलरइतकं तापवत नाहीत, म्हणूनच रेडिएटर मोठ्या मापाचे सांगितलेत, कमी तापलेल्या पाण्यावरही पुरतील असे. वजनाची काळजी नको, जमीन तपासून घेतलीय.

तो सळ्यांचा हीटर मात्र जाणार. आईचा पदर आठवतोय ना? आणि धुराड्याशिवायचा गॅस हीटर कोणी आणून दिला तरी घ्यायचा नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो.

बाबा, माझे गार पाय तुम्ही झोप लागेपर्यंत तुमच्या पायांत धरून ठेवायचात. आता तुमच्या तळव्यांना चटका लवकर कळत नाही, आणि रेडिएटरमधलं पाणी ६०-७० अंशांपर्यंत जातं. त्याला पाय टेकवून बसायचं नाही म्हणजे नाही. पलंगाच्या बाजूला जाळी बसवतेय. अविश्वास नाही हो, माझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून.

जागतिक आरोग्य संघटना घर १८ अंशांखाली जाऊ देऊ नका म्हणते, वयस्करांना त्याहून जास्त लागू शकतं. तुमचं २१ वर ठेवायचं. बचत म्हणून व्हॉल्व्ह पिळायचा नाही. रेडिएटरवर टॉवेल वाळत घालायचे नाहीत, ऊब अडते. वरचा भाग गार आणि खालचा गरम लागला तर आत हवा अडकलीय. बाबा, ती सोडायची किल्ली घेऊन स्वतः खाली वाकू नका, मला फोन करा. आणि बिल मी भरणार, त्यावर दोघांनीही बोलायचं नाही.

तुमची,
धाकटी