ललिता पवार म्हणजे नुसती खाष्ट सासू?

संपादक साहेब,

स.न.वि.वि.

काल पुरवणीत ललिता पवारांवर अर्धं पान दिसलं म्हणून चहा बाजूला ठेवून वाचायला घेतलं. खाष्ट सासू, मग ती थप्पड, मग रामायणातली मंथरा, झालं, संपला लेख, आणि खाली टाइल्सच्या सेलची भली मोठी जाहिरात. छान!

अहो, 'अनाडी'तली मिसेस डिसा कुठे गेली? १९५९ चा पिक्चर, फिल्मफेअर मिळालं बाईंना त्यासाठी. राज कपूरवर डाफरते काय आणि डाफरता डाफरताच जीव लावते काय, रागावलीय की लाड करतेय ते कळूच देत नाही. 'श्री ४२०'ची केळेवाली नाही, 'आनंद'मधली मेट्रन नाही (तीपण डिसाच!), आणि मराठी पेपर असून प्रभातच्या 'रामशास्त्री'तली आनंदीबाई विसरलात, म्हणजे धन्य आहे.

पण मला खरी लागली ती एकच ओळ, की त्या बारीक झालेल्या डोळ्यामुळे त्यांना दुष्ट बायकांची कामं शोभली. शोभली? १९४२ ला शूटिंगमध्ये भगवानदादांचा हात जोरात बसला, तोंडाची एक बाजू गेली, डोळा कायमचा अधू झाला, यात शोभण्यासारखं काय आहे हो? मला दहा वर्षांपूर्वी तोंडाचा लकवा झाला, डावी पापणी अजून पूर्ण उघडत नाही. तेव्हापासून सोसायटीत हळदीकुंकवाला गेले की "आल्या ललिता पवार" अशी कुजबुज होते, कोण करतं ते मला पक्कं माहितीय पण जाऊ दे, वाण त्यांच्याकडूनच घ्यायचं असतं. आधी घरी येऊन रडायचे. मग एका दुपारी टीव्हीवर 'अनाडी' लागला आणि मी पहिल्यांदा फक्त तो डोळा बघत बसले, मंथरेचा बघून माझी धाकटी पदराआड लपायची तोच डोळा, आणि इथे त्यातनं नुसती माया सांडतेय. आता कोणी ललिता पवार म्हटलं की मी विचारते, कुठली, डिसा ना?

तुमच्या लेखकाला एकदा तो पिक्चर दाखवा, तिकीट मी काढते.

आपली जुनी वाचक

ता. क. शब्दकोड्याचे आकडे हल्ली इतके बारीक छापता की आम्ही दीड डोळ्याच्या बायकांनी भिंग घेऊन बसायचं का? आणि परवाचं उत्तर अजून आलेलं नाही.