एकटीचं टेबल

बोलोन्या, इटली

प्रिय शुभा,

प्रवासात एकटीनं बाहेर जेवणं म्हणजे शिक्षा, हे तुझं ठाम मत. परगावी कामाला गेलीस की खोलीवर टीव्हीसमोर बसून सँडविच खातेस, हेही मला ठाऊक आहे. म्हणून कालचं जेवण तुला सविस्तर लिहितेय.

मोठ्या चौकातली, बाहेर फोटोंचे मेनू लावलेली हॉटेलं सोडून मी कमानींखालून एका गल्लीत शिरले. तिथे एका कुटुंबाचं छोटंसं त्रात्तोरिया, म्हणजे साधी खानावळ, आहे. नवरा टेबलं सांभाळतो, बायको आत रांधते. साडेसातला दार उघडल्या उघडल्या गेले. एकटीनं तेव्हाच जावं. नऊच्या गर्दीत दोघांचं टेबल अडवल्यासारखं वाटत राहतं. मी एक बोट दाखवलं. ‘एकच?’ असा चेहरा न करता मालकानं खिडकीजवळ बसवलं, समोरचे काटा-सुरी उचलले आणि ब्रेड ठेवला. (त्याचे नि टेबलाचे माणशी दोन-तीन युरो ‘कोपेर्तो’ म्हणून बिलात लागतात. फसवलं म्हणून भांडू नकोस.)

पहिली दहा मिनिटं अवघड गेली, खोटं कशाला सांगू. फोन पर्समध्येच ठेवायचा असं ठरवलं होतं, मग हातांचं काय करायचं तेच कळेना. शिवाय मेनूत रिसोत्तोपुढे (हा इथला मऊ भाताचा प्रकार) ‘किमान दोघांसाठी’ असं लिहिलेलं. एकटीला खरी अडचण तेवढीच.

मग आलं ताल्यातेल्ले आल रागू, म्हणजे खिम्याच्या सॉसमधला पट्ट्यांचा पास्ता. रागू इथे स्पॅगेटीवर घालत नाहीत, आणि का ते खाताना कळलं. अंडी घालून मळलेली, लाटण्यानं लाटलेली ही चपटी पट्टी जराशी खरखरीत असते, खिमा तिला चिकटून तोंडात येतो. गुळगुळीत स्पॅगेटीवरून तो घसरून बशीत राहतो. टोमॅटो अगदी बेताचा. मांस, गाजर, सेलरी आणि मागे दुधाचा मऊपणा. या गावाचं वेड बघ: शिजलेल्या पट्टीची रुंदी ८ मिलिमीटर हवी, म्हणजे इथल्या जुन्या आसिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७०वा भाग, अशी नोंद १९७२ साली इथल्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये झाली. सोबत नमुना म्हणून सोन्याची पट्टीही ठेवलीय! रागूची कृती १९८२ साली नोंदवली. माझ्या बशीतल्या पट्ट्या काही सारख्या नव्हत्या, आणि मला त्याच आवडल्या.

पलीकडे एक आजोबा, तेही एकटेच, पाव लिटर वाइन आणि वर्तमानपत्र घेऊन बसले होते. मालक जाता-येता त्यांच्याशी हुज्जत घालत होता. आमच्या दोघांच्या एकटेपणाचं तिथे कुणालाच काही पडलेलं नव्हतं. मी उरलेला रागू ब्रेडनं निपटून खाल्ला.

बशी गेली तरी बिल येईना. इथे मागितल्याशिवाय ते आणत नाहीत, कारण न मागता आणणं म्हणजे ‘आता ऊठ’ म्हणणं. मी कॉफी मागवली आणि आणखी बराच वेळ बसून राहिले.

तू पुढच्या महिन्यात मिलानला येतेयस ना? तिथून वेगवान गाडीनं इथे यायला साधारण तास लागतो. पत्ता वेगळा पाठवते. आठवड्याची सुट्टी कधी असते ते आधी फोन करून विचार, आणि टेबल एकटीसाठीच सांग. रिसोत्तो मी सोबत असेन तेव्हा खाऊ.

तुझी,
माधवी