आमच्या बापा

राय, साष्टी, गोवा
रविवार, संध्याकाळ

प्रिय आई-बाबा,
सप्रेम सलाम.

फोनवर आपण तिघंही ‘बरं आहे’ म्हणतो आणि मग पावसाची चौकशी करतो. म्हणून आज लिहायला बसलेय.

बुधवारी आईने हळू आवाजात सांगितलं, की बाबा रात्री दोन-अडीचला उठून ओट्यावर जाऊन बसतात. छातीत धडधडतं, हातपाय गार पडतात. डॉक्टरांनी ईसीजी काढला, हृदय ठणठणीत आहे म्हणाले आणि गोळ्या लिहून दिल्या. चार दिवस घेतल्या आणि कपाटात ठेवून दिल्या, कारण प्रार्थनेला येणाऱ्या कुणीतरी सांगितलं, की विश्वास कमी पडला की चिंता शिरते, विश्वासणाऱ्याला असल्या गोळ्या कशाला. बाबा, हे ऐकल्यापासून माझा जीव तुमच्यापाशी आहे. आजाराचं दुःख आहेच. पण त्यावर तुम्ही गुन्हेगारासारखं खाली मान घालून बसलात, हे मला सहन होत नाही.

आता माझं सांगते. मागच्या वर्षी जुलैत बाळ पोटातच गेलं, तेव्हा तुम्ही दोघं पंधरा दिवस इथे होतात. आईने मला मेतकूट-भात भरवला, बाबांनी रोज संध्याकाळी स्तोत्र वाचलं. तुम्ही गेलात आणि आठवड्याभरात तुमच्या जावयांना जहाजावर परतावं लागलं. त्यानंतरचं मी तुमच्यापासून लपवलं. रात्री तीनला जाग यायची, श्वास पुरायचा नाही, वाटायचं आत्ता मरते. दोनदा एकटीच रिक्षा करून दवाखान्यात गेले. दोन्ही वेळा सगळं ठीक निघालं. दिवसा वेर्ण्याच्या कारखान्यात हिशेबाच्या वह्यांवर डोकं ठेवून बसायचे. प्रार्थना सुचायची नाही. बायबल उघडलं की अक्षरं दिसायची, अर्थ लागायचा नाही. सगळ्यात वाईट म्हणजे मला स्वतःची लाज वाटायची. ज्यांच्या घरी तीन पिढ्या उपासना चालत आलीय त्यांची मुलगी, आणि हिला देवावर टेकता येत नाही! बाबा, तुम्ही आज जिथे बसला आहात त्या ओट्यावर मी वर्षभर बसून आलेय.

मी डॉक्टरांकडे गेले. सात महिने गोळ्या घेतल्या, आता त्यांच्याच सांगण्यावरून कमी केल्यात. गोळीने दुःख गेलं नाही, पण झोप आली, आणि झोप आल्यावर रडता आलं. त्याआधी तेही येत नव्हतं.

मग एलीया संदेष्ट्याची गोष्ट पुन्हा वाचली. शाळेत असताना तुम्ही ती सांगायचात ती कर्मेल डोंगरावरची, आकाशातून अग्नी पडला ती. त्याच्या पुढचा अध्याय आपण फारसा वाचत नाही. तोच एलीया रानात पळून जातो, रतामाच्या झुडपाखाली बसतो आणि देवाला म्हणतो, आता पुरे, माझा जीव घे. देव त्याला काय करतो? रागावत नाही. तुझा विश्वास कुठे गेला असं विचारत नाही. आधी त्याला झोपू देतो. दूत येऊन उठवतो, उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा तांब्या. खातो, पितो, पुन्हा झोपतो. दूत पुन्हा येतो: ऊठ, खा, तुला लांबचा प्रवास आहे. बोलणं त्यानंतर, होरेब डोंगरावर. एवढ्या मोठ्या संदेष्ट्याला देवाने पहिल्यांदा झोप आणि भाकरी दिली. मग तुमच्या झोपेच्या गोळीवर देव का रागावेल, सांगा मला.

आणि ज्यांनी तुम्हाला प्रेषित पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्रातलं ‘कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका’ हे वचन ऐकवलं (हेच ऐकवलं असणार, मलाही हेच ऐकवलं होतं), त्यांना त्याच पत्राचा दुसरा अध्याय वाचायला सांगा. पौल बंदिवासात आहे. त्याचा सोबती एपफ्रदीत मरणाच्या दारातून परत आलाय, आणि पौल लिहितो, देवाने त्याच्यावर दया केली आणि माझ्यावरही केली, नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं. पुढे म्हणतो, त्याला तुमच्याकडे पाठवतोय म्हणजे माझंही दुःख हलकं होईल. ‘चिंता करू नका’ म्हणणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या छातीतही काळजी होतीच. ती त्याने झाकली नाही, दोस्तांना लिहून कळवली. ते वचन दटावणी म्हणून लिहिलेलंच नाही. आपल्याच लोकांना एका साखळीतल्या माणसाने दिलेला धीर आहे तो. शिवाय पौलासोबत लूक होता, ‘प्रिय वैद्य’. गेथशेमाने बागेत प्रभू येशूचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडत होता, हे सांगणारा शुभवर्तमानकार तोच एक. वैद्याच्या नजरेने टिपलं असेल, असं मला नेहमी वाटतं. ज्याला आपण तारणारा म्हणतो तोही रात्री घाबरला, मित्रांना म्हणाला माझ्याबरोबर जागे राहा, आणि तेही झोपले. त्याला कुणी अविश्वासू म्हणेल का?

मला उतार कुठून पडायला लागला ते सांगते. ऐकून तुम्हाला थोडं नवल वाटेल. मे महिन्यात आमच्या वाड्यावर खुरसापाशी, म्हणजे क्रूसापाशी, लादाइन होती. लादाइन म्हणजे कॅथलिकांची सामुदायिक प्रार्थना. मेणबत्त्या लावतात, झेंडूच्या माळा घालतात, व्हायोलिन वाजतं. घरमालकीण माय म्हणाली, ये गो, घरात एकटी काय करतेस. आपल्या प्रोटेस्टंट लोकांत मरियेची माळ जपत नाहीत, ते मला ठाऊक आहे बाबा. मी मागे भिंतीला टेकून उभी राहिले. लोक एका सुरात म्हणायला लागले: ‘आमच्या बापा, सर्गींच्या’. नगरला आपण ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणतो. ‘पिता’ हा शब्द मला नेहमी देवळातल्या उंच खुर्चीसारखा वाटत आलाय. ‘बाप’ म्हणजे तुम्ही. पडल्यावर गुडघ्याला हळद लावणारे, सायकलच्या पुढच्या दांडीवर बसवून शाळेत नेणारे. गेथशेमानेत प्रभूनेही हाकच मारली होती ना, ‘अब्बा, बापा’? मी इतके महिने योग्य शब्दांची प्रार्थना शोधत होते, आणि त्याने संकटात लेकरासारखी हाक मारली. त्या भिंतीपाशी मी मनात एवढंच म्हणाले, बापा. पुढे काही सुचलं नाही आणि सुचायची गरजही वाटली नाही. नंतर सगळ्यांना उकडलेले चणे वाटले. कागदाच्या पुडीतले ते गरम चणे मी उभ्यानेच खाल्ले. कित्येक महिन्यांनी मला भूक लागली होती.

दुसऱ्या दिवसापासून सगळं बरं झालं, असं खोटं लिहिणार नाही. अजूनही जुलै आला की पोटात खड्डा पडतो. ८८ वं स्तोत्र वाचून पाहा. विलापाची बाकीची बहुतेक स्तोत्रं शेवटी उजेडाकडे वळतात, हे अंधारातच संपतं. तरी ते पवित्र शास्त्रात आहे, कुणी काढून टाकलं नाही. वाईट रात्री मी तेच वाचते. अंधारातसुद्धा तो माणूस देवाशीच बोलत राहतो, याचा मला फार आधार वाटतो.

रविवारी दुपारी मी कधी कधी राशोलपर्यंत चालत जाते, इथून जवळच आहे. बाबा, वर्गात तुम्ही मराठीच्या थोरवीच्या ज्या ओव्या म्हणायला लावायचात, त्या फादर स्टीफन्सच्या ‘ख्रिस्तपुराणा’ची छपाई १६१६ साली इथेच झाली. इंग्लंडात जन्मलेला माणूस १५७९ मध्ये गोव्यात आला आणि प्रभूची कथा ओवीत बसवून गेला, कारण इथल्या नव्या ख्रिस्ती लोकांना जुन्या पुराणांच्या जागी गायला काहीतरी हवं होतं. झुवारी नदीकाठी उभी राहून मी विचार करते, की दुःखात माणसाला आपल्याच बोलीतले शब्द लागतात, हे त्या परक्या माणसाला उमगलं होतं. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं तुम्ही पेटीवर म्हणायचात, ती सोडू नका. आवाज कापला तरी म्हणा. आई ताल धरेल.

आई, तुला वेगळं सांगते. रात्री ते उठले की ‘झोपा आता’ म्हणू नकोस. तूही ओट्यावर जाऊन बस. गेथशेमानेत तिघा शिष्यांना जे जमलं नाही ते तू कर. आणि तुला स्वतःला जड जायला लागलं तर १४४१६ हा मानसिक आधारासाठीचा सरकारचा टेलिमानस नंबर आहे, फुकट आहे, मराठीतून बोलता येतं. मी एका रात्री लावला होता.

नोव्हेंबरात इकडे या. नगरला गोवा एक्सप्रेसमध्ये बसायचं आणि थेट मडगावला उतरायचं, मी स्टेशनवर असेन. परतताना कॅसल रॉकच्या आधी बाबांना खिडकीपाशी बसव, दूधसागर धबधबा दिसेल. माय आत्तापासून विचारतेय, तुझ्या बाबांना भाकरी लागते की पाव चालेल.

आज रात्री साडेनऊला फोन करेन. त्याआधी बाबांनी कपाटातून गोळ्यांचं पाकीट काढून गोळी घ्यायची. मग आपण तिघं मिळून प्रार्थना म्हणू. तुम्ही ‘पित्या’ म्हणा, मी ‘बापा’ म्हणेन.

तुमची,
लेक