चेंगदूच्या न्यांगन्यांगला, उधारी बाकी ठेवून

न्यांगन्यांग,

हे पत्र तुला वाचता येणार नाही. मराठीचं सोडच, चिनीसुद्धा तू चष्मा सापडला तरच वाचायचीस, आणि चष्मा नेमका बटाट्यांच्या पाटीत असायचा. तरी लिहितेय, तेही चारचौघांसमोर. तुझ्यामाझ्यातली एकुलती एक तार २०२० मध्ये तुटली आणि तेव्हापासून तुझं जे देणं माझ्या डोक्यावर आहे, ते कुठेतरी मांडून ठेवायला हवं.

'तू' म्हणतेय म्हणून इथल्या वाचणाऱ्यांनी दचकू नये. चिनी भाषेत वडीलधाऱ्यांसाठी 'निन' असा आदराचा शब्द आहे. मी तो पुस्तकातून घोकून आले होते. पहिल्या दिवशी तुला 'निन' म्हटलं, तर तू मागे वळून बघितलंस, ही कुणाशी बोलतेय म्हणून. न्यांगन्यांग म्हणजे तुमच्या सछ्वान प्रांताच्या बोलीत आत्या, मावशी, आणि नात्यात नसली तरी त्या वयाची कुठलीही बाई. आमच्या कोकणातही मावशीला अगं-तुगंच करतात.

मी मूळची कुडाळची. लोणावळ्याच्या कैवल्यधामात योग शिकले आणि मार्च २०१८ मध्ये चेंगदूच्या एका योगवर्गात शिकवायला आले. शहराची वस्ती दोन कोटींच्या घरात, आमच्या संकुलात तेहेतीस मजल्यांच्या सहा इमारती, आणि या सगळ्यात मला नावानं ओळखणारं माणूस शून्य. फाटकाला लागून तुझं दुकान. भाजी, सुक्या मिरच्या, अंडी, झाडू, शिवाय अख्ख्या संकुलाची पार्सलं तुझ्याकडेच पडायची. दुकानाच्या पोटात माहजोंगचं, म्हणजे सोंगट्यांच्या चिनी खेळाचं टेबल. गिऱ्हाईक आलं की तू डाव न मोडता, मान वळवून भाव सांगायचीस.

मी आले ती शनिवारी. परक्या देशाच्या माणसानं घर भाड्यानं घेतलं तर चोवीस तासांच्या आत पोलीस चौकीत नोंद करावी लागते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. हॉटेलात उतरलं तर हॉटेलवाले करतात, घरात आपली आपण. सोमवारी कामावर कळलं तेव्हा माझे हातपाय गार पडले. घरमालक फोनवर म्हणत होता, पुढच्या आठवड्यात बघू. मी तुझ्या दुकानात मोबाइलवरचं भाषांतराचं यंत्र पुढे करून उभी राहिले. तू ते वाचलंस, घरमालकाचा नंबर मागून घेतलास आणि त्याला जे काही सुनावलंस ते भाषांतराच्या यंत्रालाही झेपलं नाही. मग टेबलावरच्या बाईला दुकान बघायला सांगून, माझ्या दंडाला धरून चौकीवर. पोलिसांनी उशिराबद्दल समज दिली, कागद दिला, आणि तू तो माझ्या हातात न देता आधी स्वतः वाचलास. चष्म्याशिवाय, हात लांब धरून.

पैशांचं तर विचारूच नका. त्या शहरात रताळी भाजून विकणारासुद्धा मोबाइलनंच पैसे घेत होता. मोबाइलनं द्यायचे तर चिनी बँकेत खातं हवं, आणि खात्यावरचं नाव पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळायला हवं. चिनी नाव बहुतेक दोन-तीन अक्षरांत आटपतं. माझं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव एकापुढे एक लिहिलं तर बँकेच्या रकान्याबाहेर सांडायचं. बँकेनं एकदा मधल्या मोकळ्या जागा गाळल्या, एकदा वडिलांना गाळलं, एकदा आडनाव पुढे आणलं. पाच आठवडे गेले. तेवढ्या काळात माझ्याकडे नोटा होत्या आणि कुणाकडे सुट्टे नव्हते. तू शाळेतली एक निळी वही काढलीस, पहिल्या पानावर 'यिन्दू मेर' लिहिलंस, म्हणजे भारतातली पोरगी, आणि खाली टोमॅटो, आलं, तांदूळ मांडत गेलीस. बारा अक्षरी आडनावावर इतका सोपा उपाय बँकेला सुचला नव्हता.

वर्गात माझी वेगळीच तऱ्हा. भारतातली लाओशी, म्हणजे गुरू, आली म्हणून पहिल्या आठवड्यात गर्दी. मी जन्मतः शीर्षासनात उभी असेन अशी काहींची समजूत होती. मी सुरुवात केली ती श्वासापासून, आणि तिथेच घसरले. 'शी-छी' हा शब्द पहिला सूर वर, सपाट धरून म्हटला तर 'श्वास घ्या'. तोच सूर खाली बुडवून वर काढला तर सणासुदीचा आनंदीआनंद. मी महिनाभर वीस बायकांना डोळे मिटायला सांगून, अत्यंत गंभीर आवाजात 'आनंदोत्सव… आता सोडा' म्हणत होते. कुणी हसलं नाही. गुरूला हसायचं नाही म्हणून की भारतात असंच असेल म्हणून, देव जाणे. ते तू पकडलंस. तुझ्या दुकानात मी तुला प्राणायाम समजावत होते, तर तू आणि टेबलावरच्या तिघी हसून हसून सोंगट्या पाडल्यात. मग रोज संध्याकाळी, शेंगा निवडता निवडता, तू माझ्याकडून सूर घोटून घेतलेस. एक गोष्ट मात्र नंतर बीजिंगच्या एका विद्यार्थिनीनं सांगितली. तू शिकवलेले शब्द अस्सल चेंगदूचे होते. तुमच्याकडे 'श' आणि 'स'मध्ये फारसं भांडण नसतं, 'न' आणि 'ल'मध्ये तर मुळीच नाही. आजही माझी चिनी ऐकणारा म्हणतो, ही सछ्वानच्या भाजीबाजारात शिकलेली दिसते. बरोबरच आहे.

आता तिरफळाबद्दल. हे जरा सविस्तर सांगू दे, कारण इथे मालवण-वेंगुर्ल्याकडचे लोकही वाचत असतील.

आईनं सामानात तिरफळांची पुडी घातली होती. एका रविवारी मला बाजारात बांगड्यासारखा एक समुद्री मासा मिळाला. चेंगदू समुद्रापासून फार लांब, त्यामुळे तो गोठवलेला आणि महाग होता, पण राहवेना. ओलं खोबरं शोधायला तुझ्याकडे आले. हातात पुडी होती. तू ती नाकाला लावलीस, एक तिरफळ उचलून दाताखाली धरलंस, आणि थांबलीस. मग म्हणालीस, 'ह्वाज्याव.' मी म्हटलं, नाही, हे आमच्या कोकणातलं. तू आत गेलीस आणि बरणी घेऊन आलीस. तांबूस, उघड्या तोंडाची, आमच्या तिरफळांपेक्षा लहान फळं. मी एक चावलं. जिभेला मुंग्या आल्या, ओठ बधिर झाले, आणि मला एकदम पावसाळ्यातली आमच्या घरची चूल दिसली. मी विचारलं, झाडाला काटे असतात? तू म्हणालीस, असतात तर. मी विचारलं, काळं बी? तू म्हणालीस, ते फेकायचं, तोंडात कचकच लागतं. अगदी हेच वाक्य आई म्हणते.

नंतर वाचून पाहिलं. तिरफळ आणि ह्वाज्याव एकाच कुळातली, झँथोझायलम वंशाची भावंडं. तुमच्याकडे त्या बधिरपणाला 'मा' असा वेगळा शब्दच आहे आणि तिखटासाठी 'ला' असा दुसरा. आमच्याकडे तिरफळ असून त्या चवीला नाव नाही. गंमत वाटते, कारण बाकी आम्ही कशालाही नावं ठेवतो. त्या दिवशी कढी तुझ्याच गॅसवर झाली. खोबऱ्याचा रस पाहून तू नाक मुरडलंस, माशाचं गोड खाणं असेल म्हणून, आणि मग भाताबरोबर दोनदा घेतलीस. आईला व्हिडिओवर बरणी दाखवली तर ती म्हणाली, 'गो, ह्यां तर आपलां तिरफळ!' तू तिकडून ओरडून म्हणालीस, 'याव-दे!' म्हणजे ठीक, चालेल. दोघींना एकमेकींचं अक्षर कळलं नव्हतं.

आणखी एक. मला वाटलेलं, जपानशी लढणाऱ्या चिनी जखमींवर उपचार करायला गेलेल्या सोलापूरच्या डॉक्टर कोटणिसांचं नाव चीनमध्ये सगळ्यांना ठाऊक असेल. आमच्या शाळेत तसंच सांगायचे. माझ्या विशीतल्या विद्यार्थिनींना भारतातला एकच माणूस माहीत होता, आमिर खान, त्याला त्या मी-शू, म्हणजे मी काका म्हणायच्या. 'ख दीह्वा' हे कोटणिसांचं चिनी नाव न अडखळता घेणारी मला भेटलेली पहिली तू. शाळेत शिकलेलं, म्हणालीस. १९४२ मध्ये ते गेले, जेमतेम बत्तीस वर्षांचे. तू त्यांचं नाव घेतलंस आणि लगेच विचारलंस, तुझं वय किती, लग्न का नाही केलंस. तिथे मला अगदी घरी असल्यासारखं वाटलं.

ऑक्टोबर २०१९ च्या सुट्टीत लांगचुंग नावाच्या जुन्या गावी फिरायला गेले, तर रात्री दहाला लॉजवाल्यानं सांगितलं, परदेशी घेता येत नाहीत, नोंद करायची सोय नाही. तुला फोन लावून दिला. तू त्याच्याशी दहा मिनिटं बोललीस. त्यानं खोली दिली नाही ती नाहीच, पण माझी बॅग उचलून दोन गल्ल्या पलीकडच्या हॉटेलात स्वतः पोचवून आला. काय बोललीस ते कधी सांगितलं नाहीस.

पण खरे उपकार त्याच्या आदल्या हिवाळ्यातले. एका सकाळी वर्गाच्या दाराला कुलूप होतं. मालक 'पाव-लू', म्हणजे पळाला. मोठ्या शहरांत व्यायामशाळांचं हे नेहमीचं दुखणं. वर्षाची फी आगाऊ घ्यायची आणि एक दिवस दिसेनासं व्हायचं. माझा दोन महिन्यांचा पगार बुडाला, पण भीती पगाराची नव्हती. कामाचा परवाना त्याच्या नावाशी बांधलेला. त्यानं सोडल्याचा कागद दिल्याशिवाय दुसरीकडे नोकरी नाही, आणि नोकरी नाही तर देशात राहणं नाही. मी तुझ्या दुकानात मिरच्यांच्या पोत्यावर बसून रडले. तू मला रडू दिलंस, डाव संपवलास, आणि मग टेबलावरच्या एकीच्या सुनेला फोन लावलास. ती वकिलाच्या कचेरीत कामाला होती. तिच्याकडून कळलं की मजुरीच्या तंट्यांसाठी लवाद असतो, तिथे अर्जाला पैसे पडत नाहीत, आणि परवाना असलेल्या परदेशी माणसालाही दाद मागता येते. तीन खेपांना तू माझ्यासोबत आलीस. शेवटी सुटकेचा कागद मिळाला, पगार एका महिन्याचाच. त्या एका महिन्यासाठी तू माझ्यापेक्षा जास्त हळहळलीस.

१८ जानेवारी २०२० ला मी घरी निघाले. तुमचं नवं वर्ष २५ ला, तीन आठवड्यांची सुट्टी. बाल्कन्यांतून सॉसेजांच्या माळा वाळत होत्या. त्यातली एक तू देऊ केलीस, मी म्हटलं डुकराचं आमच्या घरी चालणार नाही, तेव्हा अर्धा किलो ह्वाज्याव बांधून दिलंस. खोलीची किल्ली तुझ्याकडे. २३ ला वूहान बंद झालं. २८ मार्चपासून परदेशी लोकांना, व्हिसा असला तरी, चीनचं दार बंद.

मग तुझे आवाज यायला लागले. वीचॅटवर एका वेळी साठ सेकंदच बोलता येतं आणि तुला कधी साठ सेकंदांत थांबता आलं नाही, त्यामुळे तुझं प्रत्येक वाक्य मधेच तुटून पुढच्या निरोपात सुरू व्हायचं. मास्क लाव. आईला बाहेर पाठवू नकोस. घरमालकाला खोली हवी आहे, तुझं सामान मी आणलंय, पार्सलांच्या मागे ठेवलंय, काळजी नको. जूनमध्ये गलवान घडलं. त्यावर मी इथे बोलणार नाही. आमच्या जिल्ह्यातही फौजेतली घरं आहेत. २९ जूनला भारतानं एकोणसाठ चिनी ऍपवर बंदी घातली, त्यात वीचॅट होतं. जुलैच्या शेवटी एका सकाळी उघडलं तर मी बाहेर फेकले गेले होते. तुझा शेवटचा निरोप पूर्ण ऐकायचा राहिला. साठ सेकंदांचे तीन तुकडे होते, मी दोन ऐकले होते.

तुझा फोन नंबर? तो त्याच ऍपमध्ये होता. हसू नकोस.

गेल्या वर्षी पुण्याचे एक ओळखीचे इंजिनिअर कामानिमित्त चोंगचिंगला जाणार होते. तिथून चेंगदू वेगवान गाडीनं दीड तासावर. त्यांच्या हाती चिनीत लिहिलेला पत्ता आणि तिरफळांची पुडी दिली, आशा न ठेवता. ते सांगत होते, फाटकाशी आता पार्सलांची कपाटं बसवलीत, नंबर दाबून ज्यानं त्यानं काढायचं. दुकान निम्मं झालंय. टेबल आहे. त्यांनी चिठ्ठी दाखवली, तर तू डाव अर्ध्यावर सोडून उठलीस. हे ऐकून मला कळलं की काहीतरी मोठं घडलंय. त्यांनी चौदा सेकंदांचा व्हिडिओ आणलाय. तू पुडी उघडतेस, एक तिरफळ दाताखाली धरतेस आणि कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी म्हणतेस. मागून मोटार जाते, ऐकू येत नाही.

त्यांच्याबरोबर तू पाठवलेली माझ्या सामानाची पिशवी मिळाली. आईची इरकल साडी, कैवल्यधामचं प्रमाणपत्र, दोन वाट्या, आणि लवादाचे सगळे कागद क्रमानं लावलेले. चार वर्षांहून जास्त काळ तू ते सांभाळलंस, आणि साडीच्या घड्यांत ह्वाज्याव टाकून ठेवलं होतंस, कसर लागू नये म्हणून. साडी अजून धुतली नाही.

तळाशी ती निळी वही. सगळी पानं आडवी रेघ मारून फेडलेली. शेवटच्या पानावर जानेवारी २०२० मधले ३७ युआन तेवढे तसेच ठेवलेत, रेघ न मारता. आंबट कोबी, अंडी आणि एक झाडू. झाडू माझा नव्हता, त्याबद्दल समोरासमोर बोलू.

ऑक्टोबर २०२५ पासून कोलकात्याहून ग्वांगचौला थेट विमान पुन्हा सुरू झालंय. व्हिसाच्या अर्जात नाव या वेळीही रकान्याबाहेर जातंय. तिरफळं वाळत घातलीत, बी काढूनच आणते.

तुझी,
यिन्दू मेर