मशीनवाल्या काकांचे जाहीर आभार

काका, सप्रेम नमस्कार, वि. वि.

तोंडावर आभार मानले तर तुम्ही 'बास झालं, आता चाक फिरव' म्हणून गप्प कराल. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत.

पुण्याच्या जुन्या बाजारातून सिंगरच्या बंद पडलेल्या शिलाई मशीन उचलायच्या, चालू करायच्या आणि नफा ठेवून विकायच्या, यावर आज माझं घर चालतं. नफा म्हणायला मला आधी संकोच वाटायचा. 'पुण्य लागेल गं, पण स्वतःची मजुरी लावली नाहीस तर पुढची मशीन कशानं घेशील?' असं तुम्ही विचारलंत आणि तो संकोच गेला.

घेताना रंग बघू नकोस, सुई कोणती लागते ते बघ, हे तुमचं पहिलं सांगणं. सिंगरचं 15 नंबरचं मॉडेल म्हणजे गोल बॉबिन आणि साधी एचए सुई, कुठल्याही दुकानात मिळणारी. लांब शटलची (खालचा दोरा होडीसारख्या नळीत असणारी) 28 नंबरची घेतली तरी सुई तीच. पण 1865 पासून निघालेली 12 नंबरची कितीही देखणी असो, तिची सुई आता सहज मिळत नाही. ती शोभेची म्हणून विकायची, आणि तसं सांगूनच.

जाम मशीनमध्ये बहुतेकदा जुनं तेल वाळून चिकटलेलं असतं. रॉकेलचे थेंब सोडायचे, रात्रभर थांबायचं, मग पुसून मशीनचं तेल. हातोडी नाही! आणि स्पिरिट तर नाहीच. सोनेरी नक्षीवर लाखेचा थर असतो, तो स्पिरिटनं विरघळतो आणि मागोमाग नक्षीही निघून येते. वरून काळा रंग फासून, नवी स्टिकरं डकवून चढ्या भावानं विकणारे आहेतच. त्यांची मशीन दुरुस्तीला शेवटी तुमच्याच दारात येते, हेही पाहिलंय.

मशीनवर कोरलेल्या अनुक्रमांकाआधी इंग्रजी वाय दिसला की 'क्लाइडबँक, स्कॉटलंड, 1920-30च्या दशकांतली' हे तुम्ही मोबाइल न उघडता सांगता. सिंगरचा तिथला कारखाना 1980 मध्ये बंद झाला. तिथली एक मशीन सध्या पर्वती पायथ्याला ब्लाउज शिवते आहे. गिऱ्हाईक या माहितीचे चार पैसे जास्त देतं, खरं सांगते.

सगळ्यात जास्त उपयोगी पडल्या तुमच्या चिंध्या. प्रत्येक मशीनसोबत एक वायलची, एक जीनची, दोन्हींवर त्याच मशीनचा टाका, वरून-खालून सारखा. त्या दाखवल्या की घासाघीस निम्म्यावर येते.

एका बाबतीत मात्र तुमचं ऐकलेलं नाही. मागितली तर मी मोटर बसवून देते. तुम्ही नाक मुरडाल, मुरडा. फक्त मूळ हँडल आणि पट्टा पिशवीत घालून सोबत देते, म्हणजे उद्या कुणाला काढावीशी वाटली तर काढता येईल.

शिकवल्याचे पैसे तुम्ही घेत नाही. म्हणून पायाच्या मशीनचा पट्टा बदलायला येणारं प्रत्येक गिऱ्हाईक मी तुमच्याकडे धाडते. त्यांच्याकडून तरी नीट मजुरी घ्या.

तुमची,
चिंध्या जपून ठेवणारी