टायरचा झोका टांगण्याआधी त्याला भोके पाडा

महोदय,

जुन्या मोटारींच्या टायरांपासून केलेल्या रंगीत कुंड्या, झोके आणि बागेतले बेडूक-कासव यांची छायाचित्रे पुरवण्यांमधून वारंवार दिसतात. मी स्वतः ही कामे अनेक वर्षे हौसेने करत आलो आहे आणि ती अधिकाधिक लोकांनी करावीत असेच मला वाटते. मात्र या छायाचित्रांसोबतच्या कृतीत एक गोष्ट जवळजवळ नेहमी राहून जाते, ती म्हणजे टायरमध्ये साचणारे पाणी.

टायर उभा ठेवा किंवा आडवा, त्याच्या पोकळीचा एक भाग पन्हाळीसारखा पाणी धरून ठेवतो आणि आतल्या सावलीमुळे ते लवकर आटतही नाही. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला याहून सोयीची जागा मिळणे कठीण. या डासाची मादी पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, ओलसर पृष्ठभागावर अंडी घालते. पाणी आटले तरी ती अंडी कित्येक महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी चढले की त्यांतून अळ्या बाहेर पडतात. उबदार हवेत अंड्यापासून डास होण्यास जेमतेम आठ-दहा दिवस लागतात. एडिसचीच एक आशियाई जात 1985मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टन येथे आढळली, तेव्हा ती वापरलेल्या टायरांच्या आयातीबरोबर तेथे पोहोचली असावी, असे अभ्यासकांचे मत झाले. मी हे पोटतिडकीने लिहितो, कारण मुलांसाठी मीच रंगवून मांडलेल्या टायरांच्या एका रांगेत पहिल्या मोठ्या पावसानंतर मला अळ्या वळवळताना दिसल्या होत्या. मुले त्याच टायरांवर बसून खेळत होती.

उपाय अवघड नाही. टायर कोणत्या स्थितीत राहणार हे आधी ठरवावे आणि त्या स्थितीत जो भाग सर्वांत खाली येईल तेथे ड्रिलने बोटभर रुंदीची चार-पाच भोके पाडावीत. एकच भोक पालापाचोळ्याने बुजते. आडव्या टायराची कुंडी करताना खालच्या बाजूला भोके पाडून पोकळी काठापर्यंत मातीने ठासून भरावी. उड्या मारण्यासाठी टायर अर्धा जमिनीत उभा पुरायचा असेल तर गाडलेल्या भागाची पोकळीही जमिनीच्या पातळीपर्यंत भरून काढावी. वरच्या कमानीची पोकळी खाली तोंड करून असल्यामुळे तेथे पाणी थांबतच नाही, म्हणून खेळाच्या मैदानासाठी मला हीच रचना सर्वांत निर्धोक वाटते.

दुसरी काळजी तारांची. आजच्या बहुतेक मोटारींच्या टायरांत, रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीदार भागाखाली पोलादी तारांचे पट्टे असतात आणि रिमवर बसणाऱ्या कडेतही तारांचे जाड कडे असते. बाजूची भिंत मात्र बहुधा तारेविना असते. त्यामुळे कापायचे ते याच भिंतीत, धारदार सुरीला साबणाचे पाणी लावून. नक्षीचा भाग कापू नये. झिजून तार उघडी पडलेला टायर मुलांच्या खेळासाठी मुळीच घेऊ नये आणि जाड हातमोजे घालून प्रत्येक टायर आतून-बाहेरून चाचपून पाहावा. झोक्यासाठी मालमोटारीचा टायर टाळावा, कारण त्याचे वजन मोठे असते आणि बाजूला उभ्या मुलाला तो लागला तर इजा गंभीर होते. आडवा झोका तीन साखळ्यांवर टांगावा, बोल्टला दोन्ही बाजूंनी रुंद वॉशर लावावेत आणि ते सैल झाले आहेत का हे नियमितपणे पाहावे. काळे रबर उन्हात चटका बसेल इतके तापते, म्हणून फिकट रंग देणे हे केवळ शोभेचे काम नव्हे.

खाण्याच्या भाज्या मी टायरमध्ये लावत नाही आणि इतरांनीही लावू नयेत असे माझे मत आहे. टायरच्या रबरात झिंक ऑक्साइड, काजळी, तेले आणि रबर तडकू नये म्हणून घातलेली रसायने असतात. त्यांपैकी एका रसायनापासून हवेतील ओझोनमुळे तयार होणारा पदार्थ कोहो सॅमन माशांना मारतो, हे 2020मध्ये संशोधकांनी दाखवून दिले. तो शोध रस्त्यावरून ओढ्यांत वाहून जाणाऱ्या टायरच्या झिजेविषयीचा असला, तरी टायर कापून माशांचे हौद करणाऱ्यांनी तो लक्षात ठेवावा. फुलझाडे आणि शोभेच्या वेली टायरमध्ये खुशाल लावाव्यात.

गंधक मिसळून तापवलेले हे रबर वितळवून पुन्हा नव्या साच्यात ओतता येत नाही. म्हणूनच आहे तसा टायर वापरण्याची कल्पना मला मोलाची वाटते. पण तडे गेलेला, तार उघडी पडलेला खेळ वेळीच काढून घेणारे कोणीतरी ठरलेले असावे आणि काढलेला टायर जाळू नये, कारण त्याचा धूर विषारी असतो. तो पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच द्यावा.

यापुढे आपल्या पुरवणीत अशी कृती छापताना साहित्याच्या यादीत रंग आणि ब्रश यांच्या आधी ड्रिलचा उल्लेख असावा आणि पाण्याची भोके कोठे पाडायची ते एका साध्या आकृतीने दाखवावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला नम्र,
एक वाचक