सरूनं अजून सही केलेली नाही

प्रिय सुमे,

पत्र बघून आधी शिव्या देशील, मग वाचशील. दे शिव्या. दिवाळीपासून माझा फोन नाही आणि तुझे दोन आले तेव्हा मी शेतात होते. आज मात्र फोनवर बोलण्यासारखं नाही, आमच्या घरात भिंतींनाही कान आहेत हे तुला माहीत आहे. तब्येत ठीक. शुगर आहे तिथंच आहे. ह्यांची कंबर थंडीत धरते, बाकी काही नाही.

सरूचा नवरा गेला गं. रात्रीची लाइट होती, हरभऱ्याला पाणी द्यायला गेला आणि स्टार्टरला चिकटला. पस्तिशीसुद्धा ओलांडली नव्हती. मोठी पोरगी सातवीत, पोरगा तिसरीत.

दहाव्याला न्हाणीपुढं बायका जमल्या. बाहेरगावच्या दोघी-तिघी होत्या, त्यांना आपल्या गावच्या विधवा प्रथा बंदीच्या ठरावाचं काय माहीत? एकीनं पाटा ओढला, सरूच्या चुलतसासूनं वरवंटा उचलला. मी पुढं होणार तोच तुळसाआत्या उठल्या. होय, त्याच. विधवांच्या हळदीकुंकवाचं आमंत्रण द्यायला गेलो तर आपल्याला दारातून हाकलणाऱ्या. तू त्यांना ‘फौजदार’ म्हणायचीस ना? त्या फौजदारानं सरूची दोन्ही मनगटं आपल्या पदरात गुंडाळून घेतली आणि म्हणाल्या, “माझ्या हातात काच मोडला तवा मी सोळा वर्साची व्हते. पू झाला व्हता. हिच्या हाताला दगड लागायचा न्हाई.” चुलतसासूनं वरवंटा खाली ठेवला. मंगळसूत्र, जोडवी, कुंकू, सगळं जिथल्या तिथं राहिलं. सुमे, मला रडू आवरेना. तू तिथं असायला हवी होतीस.

आता तू म्हणशील, मग रडगाणं कसलं? सांगते.

तेराव्याचे पाहुणे गेले आणि मधल्या दिरानं सरूपुढं कागद ठेवला. “वैनी, वारस नोंदीला सही लागती, सोमवारी तालुक्याला जाऊन येऊ.” सरू नववी शिकलेली. तिनं वाचलं. हक्कसोडपत्र! वकिलाकडून टाईप करून आणलेलं, दुय्यम निबंधकापुढं नोंदवायची सगळी तयारी. नवऱ्याचा सामाईक जमिनीतला हिस्सा दोन्ही दिरांच्या नावे, ‘राजीखुशीनं’. विरजण मागायचं निमित्त करून संध्याकाळी ती माझ्याकडं आली. वाटी हातातच राहिली तिच्या. म्हणाली, “काकू, ते म्हणायलेत बांगड्या ठेवल्या, कुंकू ठेवलं, गावात मान ठेवला. आता अजून काय पायजे?”

ते वाक्य ऐकल्यापासून मला झोप नाही. जणू कुंकू ह्यांनी दिलेलं दान आहे आणि त्याची किंमत म्हणून जमीन द्यायची!

आपलं भांडण आठवलं ना? कोल्हापूरकडच्या हेरवाडनं मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंदीचा ठराव केला, 17 मेला ग्रामविकास खात्याचं परिपत्रक निघालं, आणि ऑगस्टमध्ये आपल्या ग्रामसभेनं ठराव घेतला. मी तुला फोन केला तर तू म्हणालीस, “आधी सातबारा, मग कुंकू.” मी म्हणाले, कुंकू राहिलं तर ती चार बायकांत बसेल, चार बायकांत बसली तर तलाठ्याकडं जाईल. तू फोन आपटलास. पुढं दोन महिने अबोला. सुमे, मी अजूनही माझ्या म्हणण्यावर आहे. पांढऱ्या कपाळानं कोपऱ्यात बसवली असती तर सरू विरजण मागायला तरी घराबाहेर पडली असती का? पण तुझं म्हणणंही आता रोज डोक्यात फिरतंय. दिरांनी ठरावाला विरोध केला नव्हता, उलट हात वर केले होते. ठरावात जमिनीचा शब्द नव्हता म्हणून केले का गं?

मी तिला सगळं सांगितलं. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं नवऱ्याच्या हिश्श्यात ती, दोन लेकरं आणि सासू, असे चौघं सारखे वारस. लेकरांचा हिस्सा तर कोर्टाच्या परवानगीशिवाय आईलाही सोडता येत नाही, त्यामुळे तो कागद तसाच नोंदवला तरी कच्चाच आहे. वारस नोंदीला हक्कसोड लागतच नाही, मृत्यूचा दाखला घेऊन तलाठ्याकडं अर्ज द्यायचा. सरूनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, “काकू, सगळं खरं. पन रात्री लेकराला ताप आला तर गाडी दिराचीच हाय.”

ह्याला मी काय उत्तर देणार? तूच सांग.

माहेरचा भाऊ आला होता, खाली मान घालून चहा पिऊन गेला. बोलणार कसा? महाराष्ट्रात 1994 पासून पोरींना बापाच्या जमिनीत भावाइतका वाटा आहे, पण सरूनं लग्नानंतर माहेरी हक्कसोड करून दिलं, एका साडीचोळीवर. तिकडं सोडलं, आता इकडंही सोड म्हणतात. त्यात अपघात योजनेचे 2 लाख बायकोच्याच खात्यावर येणार, हे कृषी सहायकानं सांगितल्यापासून दिराची घाई आणखी वाढली. दीर वाईट माणूस नाही गं. अंत्यविधीचा खर्च त्यानंच केला, पोरीला शाळेत तोच सोडतो. त्याचं म्हणणं, वैनी उद्या माहेरी गेली, जमीन विकली तर? ही भीती त्याला खरीच वाटते. आणि म्हणूनच मला जास्त काळजी आहे. भांडणाऱ्या दिरापुढं सरू उभी राहिली असती, मायेनं बोलणाऱ्यापुढं ती सही करून बसेल.

बचत गटात विषय काढला. निम्म्या जणी म्हणाल्या, घर फुटायचं पाप आपल्यावर नको. पाट्यावरवंट्याला विरोध करणाऱ्याच ह्या! मी तुझ्या मामीचं उदाहरण दिलं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं बायकोच्या नावे जमीन करायची लक्ष्मीमुक्ती मोहीम काढली तेव्हा मामांनी जमीन मामीच्या नावावर केली, सगळा गाव हसला, मामांना ‘बायकोचा सालगडी’ म्हणाले. मामा गेल्यावर मामीला कुणाच्या तोंडाकडं बघावं लागलं? ह्यावर सगळ्या गप्प झाल्या, पण पुढं काही नाही. सोमवारी सरूसोबत कोण जाणार विचारलं तर दोघींचेच हात वर, त्यातल्या एक तुळसाआत्या. वय ऐंशी, एसटीत चढता येत नाही, तरी म्हणतात मला धरून चढवा.

परवा कागद हातात घेतला तेव्हा मला तुझ्या आईचा अंगठा आठवला. जास्त लिहीत नाही. हे सगळं तुलाच का लिहितेय ते कळलं असेल.

तुझं काय? नातू चालायला लागला का? जावयाची बदली झाली की राहिली? गुडघ्याचं टाळत बसू नकोस, डॉक्टरनं सांगितलंय तर करून टाक. पोरीला आशीर्वाद सांग.

आता कामाचं. सरू सोमवारी सही करणार नाही, एवढं तिनं माझ्याकडं कबूल केलंय, पण “आठ दिवस द्या” म्हणून. त्या आठ दिवसांत सासूशी कुणीतरी बोलायला पाहिजे. तिच्याकडूनही सासरा गेला तेव्हा अंगठा घेतला होता, आणि आता तीच सरूला म्हणते, मी दिला, तू पण दे. म्हातारी माझं ऐकत नाही. तुझं ऐकेल. भूकंपानंतर आपण घरदुरुस्तीचं समजावणाऱ्या संवाद सहायक म्हणून गावात हिंडायचो, माळवदावरची माती उतरवा म्हणून सांगायचो, तर ही माळवदावर जाऊन बसली होती. “माझी माती, मी बसते.” तू शिडी लावून वर गेलीस आणि तासाभरानं हिला हाताला धरून खाली आणलीस. काय बोललीस ते आजवर मला सांगितलं नाहीस. आता तेच बोल. तिला अजून ती गोष्ट आठवते, परवाच विचारत होती, “ती शिडीवाली कुठाय?”

रविवारी रात्रीच्या गाडीनं निघ, लातूरला उतर, मी स्टँडवर येते. तुझ्या आईच्या वेळच्या फेरफाराच्या नकला आणि तक्रारीचा अर्ज असलेली फाईल आण, तो मसुदा उपयोगी पडेल. दिरानं सरूला वगळून तलाठ्याकडं काही दिलं असेल तर नोटिशीच्या 15 दिवसांत हरकत घ्यावी लागेल, त्या दृष्टीनं मी उद्याच तलाठ्याकडं चौकशी करते. आणि गुडघ्याचं निमित्त सांगायचं नाही. तुळसाआत्यांना एसटीत चढवणारच आहोत, तुलाही चढवू.

तुझी,
विजू